कॉम्पोझिट व्हिनियरची कड किती घट्ट बसते?

समोरच्या दातांवरचे न जाणारे डाग, दोन दातांमधली फट, पडल्यामुळे उडालेला कोपरा, झिजून आखूड झालेले दात. या सगळ्यांवर आज एक उपाय सर्रास सुचवला जातो. दाताच्या दर्शनी बाजूवर कॉम्पोझिट रेझिनचा पातळ थर चढवायचा. याला कॉम्पोझिट व्हिनियर म्हणतात. दवाखान्यात नुसते ‘बाँडिंग’ असेही म्हणतात. काम बहुधा एका बैठकीत होते, दात फारसा घासावा लागत नाही आणि पोर्सेलीनच्या मानाने खर्च कमी येतो. पेशंट आणि डॉक्टर यांच्यात बोलणे होते ते रंगाचे, चकाकीचे आणि पैशाचे. पण हे व्हिनियर पाच-सात वर्षांनी कसे दिसेल, त्याखालचा दात निरोगी राहील की नाही, हे रेझिन आणि दात जिथे मिळतात त्या सांध्यावर ठरते. त्या सांध्याबद्दल सत्तर वर्षांच्या संशोधनातून काय कळले आहे, याचा हा आढावा.

सुरुवातीलाच एक फरक ध्यानात घ्यायला हवा. चिकटणे वेगळे आणि सीलबंद होणे वेगळे. व्हिनियर मध्यभागी इतके पक्के बसलेले असू शकते की ओढूनही निघणार नाही, आणि तरीही त्याच्या कडेला केसाहून बारीक फट असू शकते. त्या फटीतून लाळ, चहाचा रंग, आम्ल आणि जिवाणू आत झिरपतात. दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स हा जिवाणू एक मायक्रॉनहूनही लहान असतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. त्यामुळे ‘व्हिनियर निघाले नाही’ एवढ्यावरून सील चांगले आहे असे म्हणता येत नाही.

इनॅमलवरची पकड

प्लास्टिकचा थर दाताला चिकटवण्याची कल्पना जुनी आहे. १९३०च्या दशकात हॉलिवूडमधले दंतवैद्य चार्ल्स पिंकस नटनट्यांच्या दातांवर शूटिंगपुरती पातळ आवरणे बसवत. ती कवळी बसवायच्या पावडरने तात्पुरती धरलेली असत आणि काम संपले की काढून ठेवावी लागत. दाताशी टिकाऊ जोड करणारे तंत्र तेव्हा कोणाकडेच नव्हते.

ते तंत्र १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये सापडले. मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या इनॅमलवर ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद लावले, धुतले, सुकवले आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक रेझिन टाकले. साध्या दातावर काही तासांत निघून जाणारे रेझिन आम्ल लावलेल्या दातावर कित्येक आठवडे टिकले. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधले रफाएल बोवेन यांना बिस-जीएमए या रेझिनचे पेटंट मिळाले. आधीच्या अ‍ॅक्रिलिक रेझिनमधले मिथाइल मेथाक्रिलेट घट्ट होताना सुमारे २१ टक्के आकसते. बोवेन यांचे मोठ्या रेणूंचे रेझिन आणि त्यात मिसळलेली काचेची किंवा सिलिकाची भुकटी यांमुळे हे आकुंचन दोन-तीन टक्क्यांवर आले. आजचे कॉम्पोझिट या दोन शोधांवर उभे आहे.

आम्ल नेमके काय करते? इनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. ते सूक्ष्म दांड्यांच्या रचनेत बांधलेले असते. आज वापरतात ते ३७ टक्क्यांच्या आसपासचे फॉस्फोरिक आम्ल, निळ्या जेलच्या रूपात, १५ ते ३० सेकंद. जेल धुऊन हवेने सुकवले की चकचकीत दात खडूसारखा निस्तेज पांढरा दिसू लागतो. दांड्यांचे गाभे आणि कडा कमी-जास्त विरघळून तिथे असंख्य सूक्ष्म खाचा झालेल्या असतात. पातळ बाँडिंग रेझिन या खाचांत उतरते आणि निळ्या प्रकाशाखाली तिथेच घट्ट होते. खाली दात, वर रेझिन आणि दोघे एकमेकांत अडकलेले. ही पकड यांत्रिक असते, पाण्याने ती सहजी विरत नाही, आणि म्हणूनच दंतशास्त्रात इनॅमलवरचा जोड सर्वांत भरवशाचा मानला जातो.

त्यातही बारकावे आहेत. न घासलेल्या दाताचा अगदी वरचा थर दांड्यांविना असतो. तिथे आम्लाच्या खाचा उथळ पडतात. म्हणून दात अजिबात न कोरता व्हिनियर करायचे असले, तरी पृष्ठभाग बारीक बरने किंवा सूक्ष्म कणांच्या फवाऱ्याने किंचित खरवडून घेणे हिताचे ठरते. दांड्यांच्या बाजू उघड्या पडण्यापेक्षा त्यांची टोके उघडी पडली तर जोड अधिक बळकट होतो. कडेला तिरका उतार द्यायचा तो यासाठी.

डेंटिनवरची पंचाईत

इनॅमलच्या आतला डेंटिन हा वेगळाच पदार्थ आहे. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज; बाकी कोलॅजेन आणि पाणी. दाताच्या नसेकडून निघालेल्या सूक्ष्म नलिका त्यात असतात आणि त्यांत द्रव असतो. पाणी टाळणारे रेझिन अशा ओल्या पृष्ठभागावर चिकटवणे ही अनेक दशकांची डोकेदुखी होती. १९७९ मध्ये जपानमध्ये ताकाओ फुसायामा यांनी डेंटिनवरही आम्ल वापरायचे धाडस केले. १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवले की आम्लाने खनिज निघून गेल्यावर उरलेल्या कोलॅजेनच्या जाळ्यात रेझिन शिरते आणि दोघांचा मिळून एक मिश्र थर तयार होतो. या ‘हायब्रिड’ थरामुळे डेंटिनवर पहिल्या दिवशीची पकड उत्तम मिळू लागली.

अडचण येते ती नंतरच्या दिवसांत. जाळ्याच्या तळापर्यंत रेझिन पोचतेच असे नाही. उघडे राहिलेले कोलॅजेन पाण्याने आणि डेंटिनमधल्याच विकरांनी हळूहळू कुरतडले जाते. रेझिनही पाणी शोषते आणि काळाच्या ओघात कमकुवत होते. याला उतारा म्हणून सौम्य आम्ल असलेले सेल्फ-एच बाँडिंग आले. त्यांतला एमडीपी हा घटक जपानी कंपनी कुरारेने विकसित केला. तो दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो, त्यामुळे डेंटिनवरची जोडणी अधिक काळ टिकते. पण असे सौम्य बाँडिंग इनॅमलवर पुरेशा खाचा पाडत नाही. म्हणून कडेच्या इनॅमलला आधी फॉस्फोरिक आम्ल लावायचे आणि मग सर्वत्र सेल्फ-एच बाँडिंग फिरवायचे, अशी जोडपद्धत आज अनेक दंतवैद्य पसंत करतात. कडा शाबूत राहण्यात आणि कडेला रंग न धरण्यात तिचा फायदा दिसून आला आहे.

सगळा सुधार धरूनही निष्कर्ष तोच राहतो. इनॅमलवरचे सील वर्षानुवर्षे टिकू शकते. डेंटिनवरचे सील काळाबरोबर खालावते.

आकुंचनाचा ताण

कॉम्पोझिट घट्ट होताना दोन-तीन टक्के आकसते आणि आकसताना कडेपासून सुटू पाहते. हा ताण किती येईल हे साच्याच्या आकारावर अवलंबून असते. १९८७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या फाइल्झर, डी गी आणि डेव्हिडसन यांनी त्यासाठी एक सोपे गुणोत्तर मांडले : चिकटलेल्या बाजू भागिले मोकळ्या बाजू. दाढेतल्या पेटीसारख्या खड्ड्यात पाच बाजू चिकटलेल्या आणि एकच मोकळी असते, म्हणजे गुणोत्तर पाच. तिथे रेझिनला सरकायला जागा नसते, आणि सांधा फाटतो.

थेट दातावर घडवलेल्या व्हिनियरमध्ये एक मोठी बाजू चिकटलेली आणि जवळजवळ तेवढीच बाजू मोकळी असते. गुणोत्तर एकच्या आसपास येते. थरही पातळ असतो, त्यामुळे प्रकाश तळापर्यंत पोचतो. म्हणजे सीलच्या दृष्टीने व्हिनियर हे कॉम्पोझिटसाठी सर्वांत सोयीच्या कामांपैकी एक आहे. दाढेतल्या फिलिंगचे अनुभव जसेच्या तसे व्हिनियरला लावणे त्यामुळे बरोबर नाही.

तोंडातल्या तापमानाचा मुद्दा मात्र उरतो. गरम चहा आणि थंड पाणी यांनी कॉम्पोझिट इनॅमलच्या दुपटी-तिपटीने प्रसरण-आकुंचन पावते. रोज होणाऱ्या या ओढाताणीचा परिणाम सांधा जिथे सर्वांत दुबळा, तिथे आधी दिसतो.

दुबळी जागा : हिरडीलगतची कड

ती जागा बहुतेक वेळा एकच असते. दाताच्या चावण्याच्या टोकाकडे इनॅमल जाड असते आणि हिरडीकडे येता येता काही दशांश मिलिमीटरइतके पातळ होते. तिथे अर्धा मिलिमीटर कोरले तरी डेंटिन उघडे पडण्याचा संभव असतो. हिरडी मागे सरकलेली असेल तर मूळच उघडे असते आणि कड थेट त्यावर येते. वर त्याच जागी हिरडीतून ओलावा येतो, सुजलेली हिरडी लागलीच रक्त सोडते, आणि लाळेचा किंवा रक्ताचा एक थेंब आम्ल लावलेल्या पृष्ठभागावर आला की खाचा बुजतात. झिरपण तपासणाऱ्या प्रयोगांत हिरडीकडची कड टोकाकडच्या कडेपेक्षा जास्त झिरपते, विशेषतः ती डेंटिनवर असली की, हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

या दुबळ्या कडेचे दुसरे रूप म्हणजे जादा मटेरियल. हिरडीखाली गेलेला पातळ पापुद्रा दाताला नीट चिकटलेला नसतो. त्याखाली किटण साचते, हिरडी लाल राहते, ब्रश केला की रक्त येते. पेशंटला वाटते हिरडीचा आजार आहे. खरे कारण कडेत असते.

दातावर घडवलेले की लॅबमध्ये बनवलेले?

कॉम्पोझिट व्हिनियर लॅबमध्ये बनवूनही आणता येते. तयार कवचेही मिळतात. लॅबमध्ये उष्णता आणि प्रकाश देऊन रेझिन अधिक पूर्ण घट्ट केलेले असते, आणि त्याचे आकुंचन तोंडाबाहेरच होऊन जाते. दातावर बसवताना आकसतो तो फक्त सिमेंटचा पातळ थर. कागदावर हा मोठा फायदा आहे.

त्याची किंमतही आहे. पूर्ण घट्ट झालेल्या रेझिनमध्ये नव्या रेझिनशी बंध करायला मोकळे रेणू फारसे उरत नाहीत. आतली बाजू फवाऱ्याने खडबडीत करून सिलेन हे जोडणारे द्रव्य लावावे लागते, तरी ही जोडणी पोर्सेलीनच्या जोडणीएवढी निश्चिंत नसते. पोर्सेलीनला हायड्रोफ्लोरिक आम्लाने खाचा पाडता येतात. कॉम्पोझिटला तसे करता येत नाही. शिवाय एका सांध्याच्या जागी दोन येतात : दात आणि सिमेंट, सिमेंट आणि व्हिनियर. कडेला उघडे पडलेले सिमेंट झिजते आणि रंग धरते.

प्रयोगशाळा काय सांगते आणि किती

झिरपण मोजण्याची रूढ पद्धत अशी : काढलेल्या दातावर व्हिनियर करायचे, त्याला ५ अंश आणि ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आलटून-पालटून बुडवायचे, मग मिथिलीन ब्लू किंवा सिल्व्हर नायट्रेटसारख्या रंगद्रव्यात ठेवायचे आणि उभा काप घेऊन रंग किती आत गेला ते पाहायचे. तोंडातल्या एका वर्षाच्या बरोबरीला अशा सुमारे १०,००० फेऱ्या धराव्यात, असा अंदाज १९९९ मध्ये गेल आणि डार्व्हेल यांनी मांडला. अनेक अभ्यासांत मात्र ५०० फेऱ्यांवर भागवलेले असते. म्हणजे ‘झिरपण आढळली नाही’ हे वाक्य वाचताना किती फेऱ्यांनंतर, हे आधी पाहावे.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. रंगद्रव्याचा रेणू जिवाणूपेक्षा कितीतरी लहान असतो. रंग आत गेला म्हणजे कीड लागणार असे ठरत नाही. एडविना किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमाल्गम फिलिंगच्या कडांचा अभ्यास केला. ०.४ मिलिमीटरपेक्षा रुंद फटींखालीच जिवाणूंची संख्या लक्षणीय वाढलेली होती; नुसत्या अरुंद फटी किंवा कडेचा रंग यावरून कीड ओळखता येत नव्हती. कडेचा तपकिरी डाग दिसला की लगेच व्हिनियर खरवडून काढण्याची घाई करू नये, हा त्यातला व्यवहारातला धडा.

तोंडातला अनुभव

शेवटी निकाल तोंडातच लागतो. नेदरलँड्समधल्या नाइमेखन येथील चाचणीत तीन प्रकारच्या व्हिनियरची तुलना झाली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अडीच वर्षांनंतर पोर्सेलीनची ९४ टक्के, लॅबमध्ये बनवलेल्या कॉम्पोझिटची ९० टक्के आणि थेट दातावर केलेल्या कॉम्पोझिटची ७४ टक्के व्हिनियर टिकून होती. त्याच देशातल्या दुसऱ्या चाचणीत ४८ व्हिनियर १० वर्षांपर्यंत पाहिली गेली. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. पोर्सेलीनचे एकही अपयशी ठरले नाही, लॅबमधल्या कॉम्पोझिटपैकी ७५ टक्के टिकली. उरलेल्यांपैकी काही सुटली होती, काही तुटली होती.

हे आकडे कॉम्पोझिटच्या विरोधात जातात, पण ते नीट वाचायला हवेत. चाचण्या लहान आहेत. कॉक्रेन संस्थेच्या २००४ च्या आढाव्यात थेट आणि लॅबमधल्या व्हिनियरपैकी एकाचा टिकाऊपणा जास्त आहे असे ठामपणे सांगण्याइतका विश्वासार्ह पुरावाच मिळाला नव्हता. ‘अपयश’ या शब्दात तुटणे, रंग बदलणे, पृष्ठभाग खराब होणे सारे येते; ती सगळी सीलची चूक नसते. आणि पोर्सेलीनही सर्वांच्या हातात सारखे टिकत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या सरकारी दंतसेवेतल्या नोंदींत १० वर्षांनंतर पुन्हा काहीही करावे न लागलेली पोर्सेलीन व्हिनियर जेमतेम ५३ टक्के होती. निवडक तज्ज्ञांच्या हातातले निकाल आणि रोजच्या दवाखान्यातले निकाल यांत एवढे अंतर पडते, ते मटेरियलमुळे नव्हे.

कॉम्पोझिटच्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. त्याची कड दुरुस्त करता येते. खराब झालेला मिलिमीटरभर भाग काढायचा, उरलेले खडबडीत करायचे, आम्ल आणि बाँडिंग लावायचे आणि नवे कॉम्पोझिट भरायचे. बाकीचे व्हिनियर आणि त्याखालचा दात तसाच राहतो.

आपल्याकडचे दात

महाराष्ट्राच्या संदर्भात दोन-तीन गोष्टींना जास्त महत्त्व आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइड लहानपणी पोटात गेले की दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात, आणि लग्नाच्या वयात हीच मुले-मुली व्हिनियरसाठी येतात. फ्लोरोसिसच्या इनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही, तर त्याखालचा भाग सच्छिद्र असतो. नेहमीसारखे १५ सेकंद आम्ल लावणे इथे पुरत नाही. वरचा थर हलका घासून आम्ल जास्त वेळ ठेवावे लागते आणि पृष्ठभाग खरोखर पांढरा पडला का हे पाहूनच पुढे जावे लागते.

दुसरी गोष्ट ब्लीचिंगची. दात आधी उजळ करून मग व्हिनियर करायचे असेल, तर मध्ये एक-दोन आठवडे जावे लागतात. पेरॉक्साइडमधून दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून एकाच दिवशी दोन्ही करून घेणे म्हणजे सील पहिल्याच दिवशी कच्चे ठेवणे.

तिसरी गोष्ट मिश्री, तंबाखू, पान-सुपारी. मिश्रीने कड घासली जाते आणि काळा रंग धरते, सुपारीने व्हिनियरचे टोक तुटते. ही सवय सुटत नसेल तर व्हिनियर न करण्याचा सल्ला देणारा डॉक्टर योग्यच सांगतो.

हातातले काम आणि कडेची तपासणी

चांगले सील घडते ते काही साध्या गोष्टींनी. आधी स्केलिंग करून हिरडी बरी होऊ द्यायची. रबर डॅम, म्हणजे दाताभोवतीचा रबरी पडदा, किंवा निदान हिरडीत दोरा घालून जागा कोरडी ठेवायची. बाँडिंग हवेने पसरवून त्यातला द्रव उडवायचा. ते साचू द्यायचे नाही. लाइटची तीव्रता मीटरने तपासलेली असावी. शेवटचा थर ग्लिसरीन जेलखाली घट्ट करायचा, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा चिकट राहतो. पॉलिश करताना कोरडा, जोराचा बर कडेवर फिरला तर लगेच एक बारीक पांढरी रेघ दिसते. ती तडकलेल्या कडेची खूण असते आणि पुढे तिथेच रंग बसतो.

कड तपासायची तर टोकदार प्रोब दोन्ही दिशांनी फिरवायचा. दाताकडून व्हिनियरकडे जाताना अडकला तर व्हिनियर पुढे आलेले आहे. व्हिनियरकडून दाताकडे येताना अडकला तर कड तोकडी आहे. दोन्हीकडे न अडकता सरकला तर काम ठीक. दोन दातांमध्ये फ्लॉस घातल्यावर तो फाटत असेल तर तिथे पायरी आहे. कडेचा डाग पॉलिशने गेला तर तो वरवरचा होता. पॉलिशनंतरही व्हिनियरखालून तपकिरी सावली दिसत राहिली तर रंग आत शिरला आहे आणि तेवढा भाग उघडून दुरुस्त करायला हवा.

ऑनलाइन मागवून घरी दातांवर दाबून बसवायच्या कवचांना यातले काहीच लागू होत नाही. तिथे ना आम्लाच्या खाचा, ना बाँडिंग, ना सील. त्याखाली अन्न आणि लाळ अडकते. ती वापरू नयेत.

निष्कर्ष

एवढ्या अभ्यासानंतर उत्तर स्पष्टपणे देता येते. कड सगळीकडून इनॅमलवर आणि काम कोरड्या जागेत झाले असेल, तर कॉम्पोझिट व्हिनियरचे सील विश्वासार्ह असते आणि व्हिनियरचा रंग किंवा चकाकी बहुधा सीलच्या आधी जाते. कड डेंटिनवर किंवा मुळावर असेल, तर सील मुदतीचेच समजावे आणि दुरुस्ती गृहीत धरावी. कोणत्या कंपनीचे मटेरियल वापरले हा प्रश्न यानंतरचा आहे.

म्हणून व्हिनियर करून घेणाऱ्याने डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत : माझ्या दाताचे किती इनॅमल शिल्लक राहील, हिरडीकडची कड कशावर येईल, आणि काम करताना दात कोरडा कसा ठेवणार? उत्तरे नीट मिळाली तर पुढे जावे. नंतर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, कड तपासून घ्यावी. आणि दंतवैद्यांना विनंती एवढीच की पेशंटला शेड गाइड दाखवण्याआधी त्याच्या दातावरचे इनॅमल पाहा आणि ते राखा. एकदा घासून गेलेले इनॅमल पुन्हा येत नाही.